मथूला दिलेलं बी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. काशीत रामघाटावर माझा जन्म गेला, रोज पहाटे गंगेत उभी राहिले, तिथेही नाही. लोक कुठून कुठून येतात इथे, मनावरचं ओझं उतरवायला. मला तर घरातून निघून गली उतरली की पाणी. पण पाण्यात उभी राहून मी नेहमी दुसरंच काहीतरी पुटपुटत आले — मुलांचं बरं चालू दे, गुडघे दुखायचे थांबू देत, असलं. हे एवढं सोडून सगळं.

ऐकलंत तर म्हणाल, एवढंच? खून नाही, चोरी नाही, तेरड्याच्या बियांची तर गोष्ट. म्हणा. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत होते.

आधी तेरड्याबद्दल सांगते. ते मला सोपं जातं.

आमचं घर घाटाच्या वरच्या गलीत. इथली घरं दगडी, उंच, आणि इतकी चिकटून की समोरच्या घरातली फोडणी आपल्या डाळीला लागावी. घराच्या मधोमध आंगन — देशावर ज्याला चौक म्हणतात तो — आणि त्याच्यावर थेट आभाळ, फक्त माकडांसाठी लोखंडी जाळी बसवलेली. ऊन असं आमच्याकडे दुपारी येतं, हंड्याघागरींपाशी जरा टेकतं आणि निघून जातं. माझ्या आंगनात तुळस कधी धरली नाही. झेंडू लावला तर नुसता पाला. गुलाबाचं तर नावच नको. पण तेरड्याला अगदी हेच हवं असतं. सावली, ओल, आणि कुणी सारखं येऊन हात लावू नये. माझाही स्वभाव काहीसा तसाच, त्यामुळे आमचं जमलं.

आजेसासूबाईंनी कोकणातून येताना पदराला बांधून आणलेलं बी, असं घरात सांगत. खरंखोटं देव जाणे. माझ्या हातात ते सासूबाईंकडून आलं. फुटक्या माठांचे बुडखे आणि जुन्या नांदी यांत मी तो लावायची. पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ उरतो, तो हिवाळ्यातच उचलून ठेवायचा. नुसता गाळ नाही चालत, चिकट होतो. त्यात रेती हवी आणि गलीतल्या सांडांच्या कृपेनं मिळणारं वाळकं शेण. ज्येष्ठ सरत आला की बी पेरायचं, वरून माती फक्त भुरभुरवायची. चार पानं दिसली की रोपं वेगळी करायची. पाणी सकाळी, बुडाशी. तेरड्याचा देठ म्हणजे पाणीच असतं सगळं — उजेडात धरला तर आरपार दिसेल असा. पाणी चुकलं की दुपारी मान टाकतो, आणि घातलं की थोड्या वेळात, जणू काही झालंच नाही, असा उभा राहतो. पण बुडाशी पाणी साचलं तर कुजतो, आणि मग त्याला काही इलाज नाही. शेंग पिकली की तिला बोट लागायचा अवकाश, तडकते आणि बी चहूकडे उडतं. म्हणून शेंग मुठीत धरायची, मूठ बंद करायची आणि आतल्या आत फोडायची. आत टचकन झालेलं कळतं. मला अजून ते आवडतं.

बघा, मी तेरड्याबद्दल किती बोलू शकते.

इथले लोक त्याला गुलमेहंदी म्हणतात. छावणीत साहेबांच्या बंगल्यांपुढे रांगाच्या रांगा असतात म्हणे. मालणीकडे फुलंही मिळतात. पण आम्हाला फुलं नको असतात, अख्खं रोप हवं असतं. भाद्रपदात गणपतीमागोमाग गौरी येतात — कुणाकडे खड्यांच्या, कुणाकडे नुसत्या मुखवट्यांच्या, आणि आमच्याकडच्या बऱ्याच घरांतून तेरड्याच्या. रोप मुळासकट काढायचं, मुळं धुवायची, जुडी बांधायची, तिला लुगडं नेसवायचं, मुखवटा लावायचा. मुळं महत्त्वाची. मुळं म्हणजे गौरीची पावलं. मूळ तुटलं तर ती चालत येणार कशी? बाजारातली कापलेली जुडी म्हणूनच चालत नाही.

आणि काशीत आमच्या लोकांच्या वस्तीत — रामघाट, ब्रह्माघाट, बालाजी घाटापर्यंत — तेरडा मुळासकट मिळायचा तो फक्त माझ्या आंगनात.

आता तुम्हाला सांगते, ते काय असतं. एरवी घरात मला कुणी विचारत नसे. नवरा पाठशाळेत शिकवायचा, घरात सगळी विद्वान मंडळी. मी काही बोलले की एकमेकांकडे बघून हसायची. रंगानं काळी, गळा नाही, स्वयंपाक बरा. जावा माझ्याहून चलाख. पण गौरी आणायच्या दिवशी सकाळपासून माझ्या दारात बायका उभ्या. हातात ताम्हन, डोक्यावर पदर, आणि सगळ्या माझ्याशी गोड. हवेलीतल्या बाईसाहेब — त्या कधी कुणाच्या दारात जात नसत — त्या स्वतः यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या हातची रोपं म्हणजे काय विचारता." मी आदल्या संध्याकाळी माती भिजवून ठेवलेली असे. सकाळी खुरपीनं एकेक रोप अलगद उचलायचं, आणि कुणाला कुठलं द्यायचं ते मी ठरवायचं. उंच कुणाला, ठेंगणं कुणाला. जिनं वर्षभरात मला काही टोचून बोललेलं असेल तिला मी बरोबर वाकडं रोप द्यायची. ती निमूटपणे घ्यायची. वर्षातला एक दिवस माझा होता. तेवढाच.

आता मथू.

शेजारचं घर एका वेदमूर्तींचं. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं सगळं सांभाळलं; त्यांना सगळी गली काकू म्हणायची. मथू त्यांची धाकटी सून. वाईकडून लग्न होऊन आली तेव्हा मला दोन मुलं होऊन गेली होती. मला ती वहिनी म्हणे. देखणी नव्हती फार, पण हसायची छान आणि गळा असा की ती दळायला बसली की गलीतला माणूस पावलं हळू टाकायचा. आठवड्याभरात सगळ्यांना तिची आवड-नावड पाठ. माझी आवड मी इथे इतकी वर्षं काढूनही कुणाला माहीत नव्हती. मला तिचा राग येत नसे — नाही, असं नको सांगायला. यायचा. मत्सर होता तो. दुसरं नाव शोधून काही उपयोग नाही.

पण तिचं सुख इथपर्यंतच. पहिलं मूल बाराव्या दिवसाच्या आत गेलं, दुसरं जन्मतःच. आणि त्या घरात गौरी नव्हत्या. पूर्वी होत्या. काकूंचा थोरला मुलगा ऐन गौरीविसर्जनाच्या दिवशी पुराच्या पाण्यात गेला, घाटावरूनच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर त्या घराला गौरी लाभत नाहीत असं ठरलं. हे 'लाभत नाही' म्हणजे काय ते आपल्याकडे सांगावं लागत नाही. एखाद्या घराला काळं लुगडं लाभत नाही, एखाद्याला घरात केलेले अनारसे. त्यावर वाद घालायचा नसतो. पण मथूच्या मनात पक्कं बसलं होतं की घरात गौर येत नाही म्हणून पोर टिकत नाही. तिनं सासूशी वाद घातला नाही, पण विचारणंही सोडलं नाही. वर्षानुवर्षं, आज नाही उद्या, अशी ती विचारत राहिली.

जर्मनीची पहिली लढाई चालू होती ते वर्ष. ज्येष्ठात एका सकाळी मथू माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, मला तेरड्याचं थोडं बी द्याल? माझ्या आंगनात लावायचं म्हणते. यंदा गौरी आणाव्यात असं चाललंय."

रोप नाही, बी. हे मी लगेच टिपलं. रोप मागितलं असतं तर बाकीच्यांसारखी ती रांगेत उभी राहिली असती आणि मी तिला चांगलं उंच रोप दिलंही असतं, खरंच. पण बी म्हणजे एकदा दिलं की संपलं. तिचं आंगन मी पाहिलेलं. आमच्याहून मोठं, कोपऱ्यात विहीर, त्यामुळे बारा महिने ओल, आणि उत्तरेकडे उंच भिंतीची सावली. तिथे तेरडा छातीइतका होईल हे मला न लावताच दिसत होतं. आणि मथू मोकळ्या हाताची. दोन वर्षांत सगळ्या बायका तिच्या दारात. ती वाकडं रोप कुणाला देणार नाही. गाणी म्हणेल, चहा पाजेल — तेव्हा चहा नवा होता, आणि तिच्याकडे होता.

"देते की," मी म्हटलं. "दुपारी ये."

इथे मला जरा थांबावं लागतं. एवढं बोलून दाखवायला मी म्हातारी झाले.

दुपारच्या पोळ्या आटोपल्या होत्या. तवा चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला होता, निवत आला होता, पण बोट टेकवलं तर चटका बसेल इतका गरम होता. बियांची वाटी मी माळ्यावरून काढली. राखेत घोळवून ठेवलेलं बी, बारीक, तपकिरी, मोहरीहून थोडं मोठं. एक चिमूट वेगळी काढली. आणि ती तव्यावर टाकली. तीळ भाजताना हलवतो तसा तवा हलवला, एकदा, दोनदा. वास आला नाही, रंग बदलला नाही. बघून कुणाला काही कळलं नसतं. मग पळसाच्या पानाच्या पुडीत बांधून ठेवलं. मथू आली तेव्हा तिला पुडी दिली, आणि कसं पेरायचं तेही सांगितलं — गाळ किती, रेती किती, पाणी कधी. सगळं बरोबर सांगितलं. एक शब्द चुकीचा सांगितला नाही.

ती पुडी तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. काय दिला असेल? जो सगळेच देतात तोच.

तुम्ही विचाराल, तेव्हा मनात काय होतं? तिचं वाईट व्हावं असं नव्हतं. उगवणार नाही, ती नाद सोडेल, भाद्रपदात माझ्याकडे रोप मागायला येईल — एवढंच. माझ्या हिशेबानं मी तिला फक्त रांगेत परत उभी करत होते. हे इथेच संपलं असतं तर कदाचित मी आज सांगायला बसलेही नसते. पण ते संपलं नाही.

माझं बी उगवून वर आलं. मथूचं नाही. ती रोज गच्चीच्या कठड्यावरून विचारायची, वहिनी, किती दिवस लागतात? मी म्हणायची, लागतात थोडे. मग एक दिवस तिनं मला बोलावून नेलं. काय तिनं कुंड्या मांडल्या होत्या सांगू! भिंतीलगत ओळ, प्रत्येकीच्या गळ्याशी हळदीकुंकू. माती मऊ, ओल नेमकी. मी बोटानं थोडी माती सारली. बी तसंच होतं आत, काळं पडलेलं, बोटात धरलं तर पिठासारखं झालं.

"पाणी जास्त झालं का माझ्याकडून?" मथूनं विचारलं.

"झालं असेल," मी म्हटलं.

मग तिथेच, कुंड्यांशेजारी उकिडवी बसून, तिनं मला ती गोष्ट सांगितली जी आधी सांगितली नव्हती. काकू गौरींना हो म्हणाल्या होत्या, पण कौल लावून. सोनं नको, ब्राह्मण नको, फुलं नकोत. आपल्या मातीत, तुझ्या हातानं तेरडा उगवून दाखव. उगवला तर ती यायला राजी आहे असं मी समजेन. नाही उगवला, तर या घरात पुन्हा तो विषय निघायचा नाही. मथू लगेच कबूल झाली होती. तेरडा काय, कुठेही उगवतो, असं तिला वाटलं. आणि खरं आहे ते. तेरड्यासारखं न रुसणारं रोप नाही.

ऐकलं तेव्हा वाटलं, ती पुडी परत घेता आली असती तर. हे खरं सांगते. पण मला वेळ होता, हेही खरं. आषाढ अर्धा शिल्लक होता. माझ्या माळ्यावर वाटीभर बी होतं. मी त्याच पावली घरी जाऊन मूठभर आणून म्हणू शकले असते, अगं, ते जुनं बी दिलं गेलं चुकून, हे घे. कुणी विचारलंही नसतं. खोटंच बोलायचं तर ते खोटं तरी बोलायचं होतं. मी घरी गेले आणि चूल पेटवली.

आणि मग काकू आल्या.

काकू सहसा कुणाकडे जात नसत. काठी टेकत आल्या, आंगनाच्या उंबऱ्यावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या. काशीत जन्मलेल्या त्या, त्यांची मराठी निम्मी हिंदी. मला म्हणाल्या, "हे बघ, मी जबरदस्तीनं काही ठरवत नाही. पोरगी रडत नाही, पण तिचं खाणं सुटलंय. तू सच सांग. बी ठीक होतं ना? जुनं, किडकं काही निघालं असेल तर बोल. मग तो कौल मी धरणारच नाही. दुसरं बी लावू."

त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. त्यांना स्वतःलाही ते हवं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलगा गेल्यापासून ती बाई गौरींच्या दिवसांत खिडक्या लावून बसायची. त्यांना कुणीतरी म्हणायला हवं होतं की हो, बी खराब होतं. मी म्हणायला हवं होतं. फक्त मीच म्हणू शकत होते.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काकू, त्याच वाटीतलं बी माझ्याकडे उगवलंय. या, बघा."

आणि त्यांचा हात धरून मी त्यांना माझ्या कुंड्यांपाशी नेलं. रोपं वीतभर झाली होती, हिरवीगार, ओळीनं. गंमत बघा, माझ्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच वाटीतलं बी होतं. काकूंनी वाकून एका रोपाच्या बुडाशी बोट लावून बघितलं. मग त्यांनी रोपांना हात जोडले. म्हणाल्या, "तिची मर्जी नाही. बस." आणि काठी टेकत गेल्या.

मी का बोलले तसं? भीती होती — तव्याचं कळेल ही. आणि ती रोपं दाखवताना, तुम्हाला खरं वाटणार नाही, मला थोडा अभिमानही वाटला. किती छान आली होती.

दुसऱ्या दिवशी मथूनं कुंड्या रिकाम्या केल्या, विसळल्या आणि भिंतीशी उपड्या घातल्या. माझ्याकडे आली नाही, भांडली नाही. भांडणार कशाला? तिच्या लेखी मी तर मदतच केली होती.

पुढचं सगळं हळूहळू झालं. बायकांना कळलंच. कौल नाकारला गेला म्हटल्यावर वाईटसाईट कुणी बोललं नाही, आपल्याकडे तसं तोंडावर बोलत नाहीत. फक्त गौरींच्या जेवणाला सवाष्ण म्हणून तिला बोलावणं बंद झालं. जिच्याकडे गौर यायला नाही म्हणाली तिच्याच हातावर विडा कसा ठेवायचा — असं एकीला वाटलं, मग दुसरीला. आणि मला? मीही तिला सवाष्ण म्हणून बोलावलं नाही. एकदाही नाही. कामाला बोलावलं. दरवर्षी, रोपं काढायच्या सकाळी ती माझ्याकडे यायची, परातीत पाणी घेऊन बसायची आणि प्रत्येक रोपाची मुळं धुवायची. मुळांत अडकलेला एकेक खडा नखानं काढायची, पण तंतू तुटू द्यायची नाही. सबंध वस्तीच्या गौरींची पावलं तिनं धुतली. आणि स्वतःच्या घरी जाताना हात पुसून, रिकाम्या हातानं जायची. रोपाचं एक पान तिच्या उंबऱ्याच्या आत गेलं नाही. वरून मला म्हणायची, "वहिनी, ती माझ्याकडे नाही येत तर मी जाते तिच्याकडे. त्यात काय!"

तिला मूल झालं नाही पुन्हा. तव्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मला कळतं; मी इतकी अडाणी नाही. पण तिनं तो संबंध जोडला आणि जन्मभर जोडून ठेवला. स्वतःत काहीतरी खोट आहे, जी देवीला दिसते आणि माणसांना दिसत नाही, असं ती धरून चालली. गाणं हळूहळू बंद झालं. कधी झालं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की जात्यावर ती नुसतीच दळते आहे.

काकू गेल्यानंतरच्या भाद्रपदात मला वाटलं, आता तिला अडवायला कोणी नाही. मी चांगली दोन रोपं बाजूला काढली, सगळ्यांत उंच. तिच्यापुढे धरली. म्हटलं, "घे गं यंदा. काकू नाहीत आता." सासूला ती आत्याबाई म्हणे; म्हणाली, "आत्याबाईंसाठी थोडीच थांबले होते? तिनं एकदा नाही म्हटलं वहिनी, पुन्हा विचारायचं नसतं." आणि ती रोपं माझ्या हातातून घेऊन, मुळं धुऊन, हवेलीच्या ताम्हनात ठेवली. मी तिथे सांगू शकले असते. आंगनात आम्ही दोघीच होतो. माझ्या तोंडात शब्द होते, अगदी जुळलेले — मथू, ते बी मी तव्यावर टाकलं होतं. एवढेच. पण इतक्या वर्षांचं तिचं वागणं, उपासतापास, सगळंच त्या एका चिमटीवर उभं राहिलेलं. आता सांगून मी तिला काय देणार होते? असं मी मनाशी म्हटलं. हे तिच्यासाठी म्हटलं की माझ्यासाठी, ते मला तेव्हाही माहीत होतं.

तिचा नवरा तिच्याआधी गेला. त्यानंतर तिनं मुळं धुवायला येणंही बंद केलं. विधवेचा हात लागू नये म्हणून, तिनंच. कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी ये म्हटलं का? नाही.

आता दुसरी लढाई चालू आहे, आणि गेल्या भाद्रपदात मथू गेली. ताप होता, बरेच दिवस. गौरी यायच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडे गेले होते, पेज घेऊन. पुतण्याची बायको बाहेर काहीतरी निवडत होती. मथूचा हात इतका हलका झाला होता की माझ्या हातात आहे की नाही ते बघावं लागे. ती शुद्धीत होती, अगदी स्वच्छ. म्हणाली, "वहिनी, तुम्ही मला इतकी वर्षं बघताय. माझ्यात काय कमी होतं, तुम्हाला काही दिसलं का कधी?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. बरं वाटावं म्हणून विचारणारी ती नव्हती.

"देवीच्या मनातलं आपल्याला काय कळतं, मथू," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली. मी त्याआधीच घरी आले होते, कारण सकाळसाठी माती भिजवून ठेवायची होती.